जडजोखमीची भाषा

महाड आणि पोलादपूर या तालुक्यांत जमिनीचा व्यवहार करणाऱ्या माणसाच्या हाती जो दस्त येतो, त्यात एक वाक्य बहुधा ठरलेले असते. विकणारा घेणाऱ्यास असे लिहून देतो, की सदरहू मिळकत आम्ही कोणासही गहाण, दान, लीज, लीन, बक्षीस, मृत्युपत्र, अन्नवस्त्र, पोटगी, जप्ती, जामीनकी वा अन्य कोणत्याही प्रकाराने जडजोखमीत गुंतविलेली नाही. तशी ती निघाल्यास तिचे निवारण आम्ही आमच्या पदरखर्चाने करून देऊ आणि तुम्हांस तोशीस लागू देणार नाही. हे लिहून देणारा गृहस्थ सावित्रीच्या खोऱ्यातला एखादा भातशेतकरी असतो. लीज आणि लीन यांतला भेद त्याला ठाऊक नसतो, मृत्युपत्र करावे असे त्याच्या सात पिढ्यांत कोणाच्या मनात आलेले नसते, आणि जामीनकी म्हणून त्याने आयुष्यात काही केलेच असेल, तर ती मेव्हण्याच्या कर्जासाठी सोसायटीच्या कागदावर केलेली एक सही. जमिनीवर कर्ज नाही आणि कोणाचे भांडण नाही, एवढेच त्याला म्हणायचे असते, आणि तोंडाने तो तेवढेच म्हणतोही. तेच लिहिताना नामांची ही लांबलचक माळ कशासाठी ओवावी, असा प्रश्न ऐकणाऱ्याला पडतो, आणि त्याचे चव्हाट्यावर मिळणारे उत्तर असे, की वकील फीसाठी लिहितात.

इंग्लंडात हे उत्तर एके काळी खरे होते. तेथे दस्त लिहिणाऱ्याचे पारिश्रमिक एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत मजकुराच्या लांबीवर मोजले जाई, आणि अर्थातच मजकूर लांबे. १५९६ साली मिलवर्ड विरुद्ध वेल्डन या दाव्यात वादीच्या बाजूने १२० पानांचे प्रत्युत्तर दाखल झाले, ते १६ पानांत सहज मावले असते असे न्यायासनाच्या ध्यानात आले. तेव्हा ते लिहिणाऱ्या इसमास दंड करून, त्या कागदांच्या गठ्ठ्याला मधोमध भोक पाडून त्यातून त्याचे डोके बाहेर काढावे, लिहिलेली बाजू बाहेर ठेवून तो गठ्ठा त्याच्या खांद्यांवर लोंबता ठेवावा आणि अशा थाटात त्यास वेस्टमिन्स्टर हॉलमधून उघड्या डोक्याने फिरवून आणावे, असा हुकूम झाला. ही शिक्षा पुढे प्रचारात राहिली नाही, याची हळहळ वाटणारे पक्षकार आपल्याकडेही पुष्कळ निघतील. परंतु आपल्याकडे मुद्रांकशुल्क मिळकतीच्या किमतीवर ठरते, पानांवर ठरत नाही, आणि वकिलाची फीही व्यवहार पाहून सांगितली जाते, शब्द मोजून सांगितली जात नाही. तेव्हा द्रव्यलोभाने या भाषेचा उलगडा होत नाही. कारण दुसरीकडे शोधले पाहिजे.

माझ्या मते त्याचा पहिला धागा, हा कागद वाचतो कोण, या प्रश्नात आहे. पत्र लिहिणाऱ्याच्या डोळ्यांपुढे स्नेही असतो, अर्ज लिहिणाऱ्यापुढे साहेब असतो. दस्ताचा खरा वाचक मात्र त्यावर सही करणाऱ्या दोघांपैकी कोणीच नसतो. व्यवहार सुरळीत पार पडला तर तो कागद ट्रंकेच्या तळाशी जातो आणि पुन्हा कोणाच्या दृष्टीस पडत नाही. तो वाचला जातो ते काही बिनसल्यावर. आणि तेव्हा वाचणारा असतो वीसपंचवीस वर्षांनंतरचा प्रतिपक्षाचा वकील, ज्याला सद्भावनेने वाचण्याचे कारण नसते, किंबहुना मजकुरातली फट शोधण्यासाठीच ज्याला नेमलेले असते. मित्रासाठी लिहिलेले गद्य आणि अजून जन्मासही न आलेल्या शत्रूसाठी लिहिलेले गद्य यांची घडण एकसारखी कशी असेल?

या भीतीला कायद्याने आधारही दिला आहे. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्याने असा दंडक घालून दिला, आणि जुलै २०२४ पासून त्याची जागा घेणाऱ्या भारतीय साक्ष्य अधिनियमानेही तो पुढे चालविला, की एकदा व्यवहाराच्या शर्ती दस्तात लिहिल्या गेल्या म्हणजे त्यांना छेद देणारा, त्यांत भर घालणारा वा त्यांतून काही वजा करणारा तोंडी पुरावा सर्वसाधारणपणे देता येत नाही. लबाडी, चूक, जबरदस्ती असे अपवाद आहेत, पण ते शाबीत करणे सोपे नसते. विहिरीचे पाणी निम्मे निम्मे घ्यायचे असे ओटीवर बसून, चार माणसांदेखत, चहाच्या साक्षीने ठरलेले असले, तरी दस्तात ते आले नसेल तर पुढच्या पिढीच्या कोर्टात त्या चार माणसांच्या शपथांना फारशी किंमत उरत नाही. जे लिहिले नाही ते जणू घडलेच नाही, असा नियम असल्यावर लिहिणारा सर्वकाही लिहू पाहतो. जे घडले ते, जे घडू शकेल ते, आणि जे घडण्याचा यत्किंचितही संभव नाही तेही.

म्हणूनच त्या माळेतला एकेक मणी म्हणजे पूर्वी कधीतरी, कुठेतरी होऊन गेलेला एकेक कज्जा असतो. पोटगी आणि अन्नवस्त्र हे शब्द तेथे आहेत, कारण कुटुंबातील विधवेच्या चरितार्थाचा बोजा जमिनीवर असे आणि पुष्कळदा घेणाऱ्याला तो खरेदीनंतर कळे. झाडांचा निराळा उल्लेख आहे, कारण जमीन एकाची आणि तिच्या बांधावरचा आंबा दुसऱ्याचा ही कोकणात नवलाची गोष्ट नव्हे. या भागात खोतीची पद्धत होती, आणि १९४९ च्या कायद्याने ती संपेपर्यंत खोत व कुळ यांच्यात फळझाडांवरून, गवतावरून, वरकस जमिनीतल्या राबावरून किती तंटे झाले असतील ते जुनी दप्तरेच जाणोत. त्याही मागे गेलो तर इनामांच्या सनदांत ‘जल, तरु, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेप’ अशी परिगणना आढळते. पाणी, झाडे, गवत, लाकूड, दगड, पुरलेले धन आणि ठेवलेली ठेव, हे सारे भूमीबरोबर दिले, एवढाच तिचा भावार्थ. परंतु ती परिगणना एक प्रकारे त्या काळच्या तंट्यांची अनुक्रमणिकाच आहे. अशा लांब वाक्याचा मला राग येत नाही. ते लांब असले तरी सरळ असते. त्यातला प्रत्येक शब्द आपापल्या जागी पहाऱ्यावर उभा असतो, आणि पहारेकरी जास्त झाले म्हणून घराचा रस्ता चुकत नाही.

रस्ता चुकतो तो निराळ्या प्रकारच्या वाक्यात. नमुना म्हणून मीच एक रचून दाखवितो. अशी वाक्ये दस्तांत वाटेल तितकी भेटतात. ‘मी, लिहून देणार, माझे कैलासवासी वडिलांचे पश्चात माझे व माझे भाऊ यांचे नावे वारसाने दाखल झालेल्या व उभयतांमध्ये झालेल्या तोंडी वाटपात, ज्याची फेरफार नोंद अद्याप झालेली नाही, माझे हिश्श्यास आलेल्या उपरोक्त मिळकतीपैकी पूर्वेकडील १० गुंठे क्षेत्र तुम्हांस कायम फरोक्त खरेदी दिले असे.’ यातला एकही शब्द गावच्या माणसाला परका नाही. फेरफार, वारस, वाटप, गुंठे हे शब्द तर चावडीवर रोज बोलले जातात. तरीही ऐकताना तो वाट हरवतो, कारण ‘मी’ आणि ‘दिले’ या दोन टोकांमध्ये तीन हकिगती एकीच्या पोटात दुसरी अशा कोंबलेल्या आहेत, आणि मराठीत क्रियापद शेवटी येत असल्यामुळे त्या तिन्ही त्याला श्वास रोखून मनात धरून ठेवाव्या लागतात. आता तोच मजकूर मोडून लिहू. ही जमीन वडिलांमागे आम्हां दोघा भावांच्या नावावर लागली. आम्ही ती तोंडी वाटून घेतली आणि पूर्वेकडचे १० गुंठे माझ्या वाट्याला आले. या वाटपाची नोंद अजून झालेली नाही. हे १० गुंठे मी तुम्हांला कायमचे विकले आहेत. अर्थाचा कणही सांडला नाही. मात्र एक गोष्ट घडली. नोंद झालेली नाही, हे वाक्य आता स्वतःच्या पायांवर उभे राहिले, आणि ते कानावर पडताच घेणारा म्हणतो, थांबा, भाऊ उद्या नाही म्हणाला तर काय? पहिल्या वाक्यात हीच जोखीम दोन स्वल्पविरामांच्या आड मान खाली घालून बसली होती.

यातून माझा जो मुद्दा आहे तो येथेच सांगून टाकतो. वकिली भाषेची लांबी भीतीतून येते आणि तिला पुष्कळदा सबळ कारण असते. तिची गुंतागुंत मात्र विषयाच्या काठिण्यातून येत नाही, आणि तिच्या आड जे लपते त्याचा भार नेहमी कमी शिकलेल्या पक्षावर पडतो.

विषय कठीण म्हणून भाषा कठीण, हे वकिलांचे आवडते समर्थन आहे, आणि अलीकडे त्याची परीक्षाही झाली. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथील एडवर्ड गिब्सन व एरिक मार्टिनेझ आणि त्यांचे सहकारी फ्रान्सिस मॉलिका यांनी २०२२ साली करारपत्रांची तुलना इतर गद्याशी केली, तेव्हा वाचकाला अडविणारी मुख्य गोष्ट कायद्याच्या संकल्पना नसून वाक्याच्या पोटात वाक्य घालण्याची सवय आहे, असे त्यांना आढळले. पुढच्याच वर्षी त्यांनी शंभरावर अमेरिकन वकिलांना दोन्ही प्रकारचे मजकूर वाचावयास दिले. क्लिष्ट मजकूर वकिलांच्याही लक्षात कमी राहिला, आणि सोप्या भाषेतला करार तितकाच बंधनकारक आहे, असे त्यांनीच सांगितले. म्हणजे ही भाषा लिहिणाऱ्यालाही प्रिय नाही. मग ती टिकते कशी?

टिकते याचे एक कारण तर उघड आहे. जुना दस्त समोर ठेवून नवा लिहावयाचा, नावे व सर्व्हे नंबर बदलावयाचे आणि बाकीच्याला हात लावावयाचा नाही, हा वकिलांच्या आणि दस्तलेखकांच्या घराण्यांतला कुलाचार आहे. ज्या वाक्यावर कोर्टाने कधीतरी शिक्कामोर्तब केले ते बदलण्यात धोका, न बदलण्यात काहीच धोका नाही. तेव्हा शहाणा माणूस बदलत नाही. या कुलाचाराचे वय पाहावयाचे तर त्यासाठी महाड तालुका सोडण्याचीही गरज नाही. रायगड याच तालुक्यात आहे, आणि मराठी राज्यकारभाराची भाषा बदलण्याचा पहिला जाणीवपूर्वक उद्योग त्याच राजधानीच्या छत्राखाली झाला. १६७४ च्या राज्याभिषेकानंतर शिवाजी महाराजांच्या आज्ञेवरून रघुनाथ नारायण हणमंते यांच्या देखरेखीखाली धुंडिराज व्यासांनी राज्यव्यवहारकोश रचला. त्याचे दहा वर्ग, त्यांत लेखनवर्ग म्हणून एक स्वतंत्र, आणि फारसी-दखनी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द. मुजुमदाराचा अमात्य झाला, सुरनिसाचा सचिव, डबिराचा सुमंत. इतिहासाचार्य राजवाड्यांनी पुढे तीन काळांतली तीन पत्रे घेऊन शब्द मोजले, तेव्हा १६२८ च्या पत्रात २३६ शब्दांपैकी २०२ फारसी, १६७७ च्या पत्रात १३५ पैकी ५१ आणि १७२८ च्या पत्रात १२७ पैकी केवळ ८ फारसी निघाले. तीन पत्रांवरून संपूर्ण भाषेचा निवाडा करणे धाडसाचे असले, तरी वाऱ्याची दिशा त्यावरून कळते.

तथापि शब्द बदलले म्हणून कागद सोपा झाला, असे मात्र झाले नाही. दस्ताचा साचा तसाच राहिला, आणि बहिष्कृत फारसी शब्दही मागील दाराने परत येऊन संस्कृत शब्दांशेजारी बसले. म्हणून आजही माणूस दस्त ‘आत्मसुखे व राजीखुशीने’ लिहून देतो, कारण केवळ आत्मसुखाने भागेल की राजीखुशीही लागेल याची कोणालाच खात्री नसते. नॉर्मन फ्रेंचांनी १०६६ साली इंग्लंड जिंकल्यावर तेथील कायद्यातही एका अर्थाचे दोन दोन शब्द असेच शेजारी बसले. आपल्याकडे तिसरा थर त्याच इंग्रजीचा पडला. ‘ज्याअर्थी’ने सुरू होऊन पाऊण पानानंतर ‘त्याअर्थी’वर येणारे आणि मध्ये ‘परंतु असे की’ म्हणून अडखळणारे वाक्य मराठी आईच्या पोटचे नव्हे. १९६० साली महाराष्ट्र राज्य झाले, भाषा संचालनालय निघाले, न्यायव्यवहार कोश तयार झाला, १९९८ च्या अधिसूचनेने जिल्हा व तालुका न्यायालयांची भाषा मराठी ठरली. हे सारे स्वागतार्ह. पण कोश शब्द देतो, वाक्य देत नाही, आणि दुखणे वाक्यात आहे. उच्च न्यायालयाचे कामकाज घटनेच्या ३४८ व्या अनुच्छेदाप्रमाणे इंग्रजीतच चालत असल्याने, खालच्या कोर्टातले मराठी लिहिणारा वकीलही आपले मराठी उद्या इंग्रजीत कसे दिसेल याचा हिशेब मनाशी करूनच लिहितो.

महाडमध्ये या विषयाचा विचार करताना एक दावा टाळून पुढे जाता येत नाही, आणि मला तो टाळावयाचाही नाही. मुंबई कायदेमंडळात १९२३ साली सीताराम केशव बोले यांचा ठराव संमत होऊन सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले झाले होते, महाडच्या नगरपालिकेनेही पुढील वर्षी तसा ठराव केला होता, आणि २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हजारोंसह चवदार तळ्याचे पाणी प्राशन करून तो ठराव कागदावरून जमिनीवर आणला होता. त्या ऑगस्टात नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. डिसेंबरच्या अखेरीस पुन्हा सत्याग्रह करण्याचे जाहीर झाले. तेव्हा १२ डिसेंबर १९२७ रोजी महाडच्या दिवाणी कोर्टात काही सवर्ण नागरिकांनी ४०५ नंबरचा दावा लावला. मागणी अशी, की चवदार तळे हे केवळ स्पृश्यांच्या खासगी मालकीच्या स्वरूपाचे आहे, अस्पृश्यांना तेथे जाण्याचा वा पाणी घेण्याचा हक्क नाही असे जाहीर व्हावे आणि त्यांना कायमची मनाई व्हावी.

‘खासगी मालकीच्या स्वरूपाचे’ या शब्दांपाशी थोडे थांबले पाहिजे. तळे खासगी मालकीचे आहे असे म्हटले असते, तर मालक कोण, खरेदीखत कुठे, कर कोण भरतो, असे तीन रोकडे प्रश्न तत्काळ उभे राहिले असते. तळ्याभोवती नगरपालिकेचे रस्ते, आणि त्या काठच्या वस्तीत काही घरे मुसलमानांची. तेव्हा मालकी म्हणावयाची पण नुसती म्हणावयाची नाही, तिला ‘स्वरूपा’चे कोंदण करावयाचे, म्हणजे पकडू गेले तर निसटते आणि सोडून दिले तर उपयोगी पडते. ही भाषा अनवधानाने क्लिष्ट झालेली नाही. साध्या मराठीत ज्या मागणीचा उच्चार करताना, न्यायबुद्धीने नाही तरी निदान पुराव्याच्या चिंतेने, जीभ अडखळली असती, ती मागणी येथे कलमांच्या पेहेरावात डौलाने कोर्टात आली. आणि ती परिणामशून्यही नव्हती. दोनच दिवसांत, १४ डिसेंबरला, तात्पुरता मनाईहुकूम निघाला. वर्षाअखेर महाडात जमलेल्या समुदायाला मनुस्मृतीचे दहन करता आले, पण पाण्याला हात लावण्याचा सत्याग्रह तहकूब करावा लागला. कारण दाव्यातले प्रतिवादी क्रमांक एक, म्हणजे डॉ. आंबेडकर, हे स्वतः बॅरिस्टर होते आणि कोर्टाच्या कागदाला काय वजन असते हे त्या समुदायात त्यांच्याइतके कोणालाच कळत नव्हते.

तो मनाईहुकूम २३ फेब्रुवारी १९२८ रोजी उठला. मूळ दाव्याचा निकाल १९३१ च्या जूनमध्ये महाडास वादींच्या विरुद्ध लागला, १९३३ च्या जानेवारीत ठाण्याचे अपील फेटाळले गेले, आणि १७ मार्च १९३७ रोजी, म्हणजे दावा लागल्यापासून सव्वानऊ वर्षांनी, मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती ब्रूमफील्ड आणि न्यायमूर्ती वाडिया यांनी शेवटचा निकाल दिला. ब्रूमफील्ड म्हणजे १९२२ साली अहमदाबादला गांधीजींचा खटला चालविणारे तेच न्यायाधीश. तोवर वाद अनादिकाळच्या वहिवाटीवर येऊन ठेपला होता. कायद्याच्या भाषेत हा अनादिकाळ मोठा चमत्कारिक; इंग्रजांच्या घरी तर त्याला तारीखही होती, ११८९ पूर्वीचे ते अनादि. महाडच्या वादींनी या भारदस्त शब्दावर सारी भिस्त ठेविली, आणि तो शब्दच त्यांच्यावर उलटला. कारण अनादि म्हटल्यावर ते अनादित्व शाबीत करणे आले, आणि साक्षीदारांची स्मृती तर हयात माणसांच्या आयुष्यापलीकडे जात नव्हती. तळ्याभोवती स्पृश्यांची घरे होण्यापूर्वी कोणी कोणास तेथे अडविले असेल, असे मानण्यास आधार काय, असे न्यायमूर्तींनी विचारले. वादींना आपली अनादि वहिवाट शाबीत करता आलेली नाही, असे म्हणून अपील काढून टाकले. तो निकाल थोड्या पानांचा आहे आणि त्यातली वाक्ये सरळ आहेत. ज्यांना वाटते की कायद्याचे गहन प्रश्न गहन भाषेवाचून सोडविताच येत नाहीत, त्यांनी तो एकदा अवश्य वाचावा.

दिवाणी व्यवहारसंहितेचाही आदेश सरळपणाचाच आहे. १९०८ च्या या संहितेतील सहाव्या आदेशाचा दुसरा नियम म्हणतो, की कैफियतीत महत्त्वाच्या वस्तुस्थितीचे कथन असावे, तेवढेच असावे आणि ते संक्षेपाने असावे. शंभराहून अधिक वर्षे हा नियम प्रत्येक वकिलाच्या टेबलावर आहे, आणि तेवढीच वर्षे तो त्या टेबलावरच आहे. न्यायाधीशांच्याही लेखण्या यातून सुटलेल्या नाहीत. हिमाचल प्रदेश उच्च न्यायालयाच्या एका निकालाचा अर्थच लागेना, म्हणून सर्वोच्च न्यायालयाने तो २०१७ साली रद्द करून नव्याने लिहिण्यास परत पाठविला. २०२२ साली त्याच न्यायालयाच्या दुसऱ्या एका निकालाच्या निमित्ताने, निकालपत्र कसे लिहावे, परिच्छेदांना क्रमांक द्यावेत, पक्षकाराला समजेल असे लिहावे, अशी शिकवण सर्वोच्च न्यायालयालाच सविस्तर द्यावी लागली.

पण सगळा दोष काळ्या कोटाच्या माथी मारून आपण मोकळे होऊ शकत नाही. गिब्सन आणि मार्टिनेझ यांनी २०२४ साली आणखी एक प्रयोग प्रसिद्ध केला. कायद्याशी काडीचाही संबंध नसलेल्या माणसांना त्यांनी एखाद्या अपराधाविषयी कायदा लिहावयास सांगितले, आणि त्याच विषयावर गोष्टही लिहावयास सांगितली. गोष्ट सर्वांनी सरळ लिहिली. कायदा लिहावयास बसताच त्याच माणसांनी वाक्याच्या पोटात वाक्ये घातली. कोणीही त्यांना जुना नमुना दिलेला नव्हता. संशोधकांनी त्याचा अर्थ असा लावला, की भाषेला अधिकार आणावयाचा तर ती मंत्रासारखी रोजच्या बोलण्याहून निराळी वाटली पाहिजे, ही समजूत मंत्र म्हणणाऱ्याइतकीच ऐकणाऱ्याचीही असते. आपल्याकडे हे प्रयोगावाचूनही कळण्यासारखे आहे. एखाद्या तरुण वकिलाने दीड पानात, बोलीच्या जवळ जाणारे खरेदीखत लिहून आणले, तर पोलादपूरचा घेणाराच प्रथम साशंक होईल. कागद भरभक्कम पाहिजे, असे तो म्हणेल. एवढे पैसे मोजले आणि यात ‘सबब’ नाही, ‘येणेप्रमाणे’ नाही, ‘लिहून ठेविले ऐसे जे’ नाही, हा दस्त टिकेल कसा? आणि वकील, ज्याला पक्षकार टिकवावयाचा आहे, तो पुढच्या वेळी जडजोखमीची माळ बिनबोभाट ओवून देईल. न समजणे हेच बळकटीचे लक्षण मानणारा पक्षकार आणि समजावून न सांगणे हेच कौशल्याचे लक्षण मानणारा व्यावसायिक यांची गाठ पडली, की सुधारणा करावयाची कोणी?

या साऱ्याची किंमत सर्वांत अधिक कोणत्या कागदात मोजली जाते, असे मला कोणी विचारले तर मी हक्कसोडपत्राकडे बोट दाखवीन. या दोन्ही तालुक्यांतली घरेच्या घरे मुंबईच्या पगारावर उभी राहिली. सातबाऱ्यावर एकेका गटाला बारा-पंधरा सामाईक नावे, त्यांत लग्न होऊन गेलेल्या बहिणींची नावे, आणि सगळी एकत्र भेटतात ती गणपतीत किंवा मे महिन्यात. २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच वाटा दिला, सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली त्याबद्दलच्या शंका दूर केल्या, आणि त्याच मानाने बहिणीकडून हक्कसोडपत्र करून घेण्याची निकडही वाढली. मुद्रांकशुल्क नाममात्र, काम एका दिवसाचे. त्या दस्तात तिने तो कोणाच्याही दडपणावाचून, आत्मसुखे, राजीखुशीने, अक्कलहुशारीने लिहून दिला, आणि तो तिने वाचून पाहिला, तिला वाचून दाखविला, समजावून दिला व तो बरोबर आहे, असे सगळे असते. निरक्षर वा पडदानशीन स्त्रीने करून दिलेल्या दस्ताबाबत, तिला तो समजला होता हे शाबीत करण्याचा भार त्याचा लाभ घेणाऱ्यावर असतो, असे कोर्टांनी पूर्वीच सांगून ठेविले. तेव्हापासून समजावून दिल्याची ही ओळ दस्तात आली. गंमत अशी, की ती ओळ दस्ताबरोबरच टंकलिखित होते, म्हणजे समजावून देण्याच्या आधी. आणि ती छापून तयार असल्यामुळेच समजावून देण्याची गरज कोणाला भासत नाही.

चार पानांच्या त्या दस्तात बहिणीच्या दृष्टीने महत्त्वाचा मजकूर फार थोडा असतो. वडिलांच्या जमिनीतला माझा वाटा मी भावाला देत आहे, त्याबद्दल मी काही घेतलेले नाही, आणि तो मला किंवा माझ्या मुलांना पुन्हा मागता येणार नाही. असे लिहिल्याने दस्त कच्चा होतो, असे म्हणणारे कलम मला कोणत्याही कायद्यात आढळलेले नाही. नोंदणीच्या कायद्याला मिळकत ओळखता येईल असे वर्णन लागते, तेवढे मागे सर्व्हे नंबर व चतुःसीमांसह खुशाल राहू द्यावे; जडजोखमीची माळही हवी तर तिच्या जागी राहू द्यावी. ही तीन वाक्ये मात्र पहिल्या पानावर, सर्वांच्या आधी, याच शब्दांत यावीत, आणि ती बहिणीला भावाच्या वकिलाखेरीज दुसऱ्या कोणीतरी वाचून दाखवावीत. मग काही दस्त त्या दिवशी नोंदले जाणार नाहीत. काही जणी घरी जाऊन नवऱ्याला, मुलीला विचारतील. काही जणी सगळे समजूनही सही करतील, कारण त्यांना माहेर हवे असते आणि त्याची किंमत त्यांनी मनाशी मोजलेली असते.